ताटाचा हिशोब आणि गंजाचा हिशोब

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की समोरचा माणूस बहुतेक वेळा दोनपैकी एक वाक्य बोलतो. पहिलं, "त्यात काय संशोधन आहे, बाया करतातच नं ते रोज." दुसरं, "सरकारनं तर थाळीचा हिशोब काढूनच ठेवला आहे, तो वाच." विषय असा: हातात पैसा कमी असताना नागपुरातल्या कष्टकरी घरांमध्ये पाच-सहा माणसांचं पोटभर जेवण महिनाभर कसं बसवलं जातं. घराघरांत जाऊन करायचं काम अजून सुरू व्हायचं आहे. सध्या वाचन चालू आहे. म्हणजे अहवाल, पाहण्या, पाककृतींची पुस्तकं.

पहिल्या वाक्याचं उत्तर अख्खा प्रबंधच देईल, अशी आशा आहे. आज दुसऱ्या वाक्याबद्दल लिहिते. थाळीचा तो हिशोब मी वाचला, एकदा नाही तीनदा वाचला. तो चांगला आहे. पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर आहे असं आपण धरून चालतो, त्या प्रश्नाचं ते उत्तर नाही.

आधी, त्यात काय म्हटलं आहे

2019-20 च्या आर्थिक पाहणीच्या पहिल्या खंडात "थालीनॉमिक्स" नावाचं शेवटचं प्रकरण आहे. तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार कृष्णमूर्ती सुब्रमणियन यांच्या चमूनं लिहिलेलं. कल्पना सोपी आहे. महागाईचा निर्देशांक सामान्य माणसाला कळत नाही, ताट कळतं. मग ताटाचीच किंमत काढू. शाकाहारी ताट म्हणजे धान्य, भाजी आणि डाळ. मांसाहारी ताटात डाळीच्या जागी मांसाहार. प्रमाण आहारविषयक सरकारी मार्गदर्शनातून घेतलं. भाव घेतले औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकासाठी गोळा होणाऱ्या आकड्यांतून: 25 राज्यं व केंद्रशासित प्रदेश, सुमारे 80 केंद्रं, एप्रिल 2006 ते ऑक्टोबर 2019.

निष्कर्ष असा की 2006-07 ते 2019-20 या काळात शाकाहारी थाळी 29 टक्क्यांनी आणि मांसाहारी थाळी 18 टक्क्यांनी जास्त परवडू लागली. 2006-07 मध्ये पाच जणांच्या घराला रोज दोन शाकाहारी थाळ्या द्यायला औद्योगिक कामगाराच्या दिवसाच्या मजुरीतले साधारण 70 टक्के लागायचे, ते 50 टक्क्यांच्या आसपास आले. आणि 2015-16 नंतर भाव आटोक्यात आल्यामुळे अशा घराचा वर्षाला सरासरी 10,887 रुपयांचा फायदा झाला.

हे प्रकरण टिंगल करण्यासारखं नाही. अर्थशास्त्राच्या दस्तऐवजात ताट आणणं ही साधी गोष्ट नाही. एरवी तिथं वित्तीय तूट असते, चालू खाते असतं, वरण-भात नसतो. शिवाय महागाईला मजुरीशेजारी ठेवून बघितलं, हेही बरोबर केलं. नुसता भाव वाढला की नाही यापेक्षा कमाईच्या मानानं वाढला की नाही, हा प्रश्न घराच्या जास्त जवळचा आहे.

आता तो 10,887 चा आकडा जरा हाताळून बघू. पाच माणसं, दोन वेळा, 365 दिवस, म्हणजे वर्षाला 3,650 ताटं. भागाकार केला तर एका ताटामागे जवळजवळ 3 रुपये येतात. घरामागे दिवसाला 30 रुपये. कमी नाहीत, तीस रुपयांत भाजी येते. पण हे तीस रुपये कुणाच्या हातात आले नाहीत. आधीच्या वर्षांच्या वेगानं भाव वाढत राहिले असते तर जी किंमत झाली असती, तिच्याशी प्रत्यक्ष किमतीची तुलना करून काढलेला हा फरक आहे. न झालेला खर्च. बातमीत तो "बचत" म्हणून आला आणि वाचणाऱ्यांनी बचतच समजली. ही पहिली आणि सगळ्यात किरकोळ तक्रार.

घरी ताट रांधत नाहीत, गंज रांधतात

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं. लोखंडावर चढतो तो वेगळा.

खानावळीत ताट हे माप बरोबर आहे. एक गिऱ्हाईक, एक ताट, एक किंमत. घरात स्वयंपाक गंजात होतो आणि गंजाचं गणित वेगळं असतं. आज वरणाला किती डाळ घ्यायची हे पाच गुणिले अमुक ग्रॅम असं ठरत नाही. डब्यात किती आहे, महिना संपायला किती दिवस आहेत, आणि पाहुणा येणार आहे का, यावरून ठरतं. डाळ तेवढीच राहते, पाणी वाढतं. मराठीत याला नेमका शब्द आहे: पुरवणं. पुरवणं म्हणजे विकत घेणं नाही आणि नुसतं रांधणंही नाही. आहे ते शेवटपर्यंत नेणं.

विदर्भातल्या स्वयंपाकाकडे या नजरेनं बघा. बेसनाचे किती प्रकार आहेत! चून म्हणजे पिठलं, झुणका, पाटवडीचा रस्सा, कढीगोळे, गोळाभात. बाहेरचा माणूस म्हणेल, यांना बेसन फार आवडतं. आवडतंच. पण बेसनाचा गुण असा की थोडं पीठ पाण्यात फुगतं, लवकर शिजतं, आणि भाजी नसली तरी भाकरीसोबत पाच जणांचं जेवण होतं. गोळाभातात तर भात आणि डाळ एकाच गंजात, एकाच आचेवर. वर फोडणीचं तेल घेतलं की वेगळ्या भाजीची गरज नाही. अंबाडीच्या भाजीत कण्या घालतात त्याही चवीसाठी आणि भाजी वाढावी म्हणून. सावजीचा रस्सा आज हॉटेलात महाग मिळतो. तो मूळ विणकरांच्या, हलबा कोष्टी घरांचा. अर्धा किलो मटणात मोठं घर जेवायचं असेल तर काम रस्साच करतो. दोन तुकडे आणि भरपूर झणझणीत रस्सा, सोबत भाकरी.

म्हणजे जिला आपण "नागपुरी चव" म्हणतो, तिच्यात पुरवण्याची कारागिरी मुरलेली आहे. थालीनॉमिक्सच्या ताटात ही कारागिरी बसत नाही, कारण तिथं डाळीचं प्रमाण ठरलेलं आहे. डाळ महागली की ताट महागलं. घरी डाळ महागली की वरण पातळ झालं. खर्च तोच राहिला, जेवण बदललं. पाहणीच्या आकड्यात पहिली गोष्ट दिसते. आपल्याला काळजी असायला हवी ती दुसऱ्या गोष्टीची, आणि ती कुठंच नोंदली जात नाही.

हेच उलट बाजूनं बघायचं तर क्रिसिल या संस्थेची दर महिन्याची थाळीची आकडेवारी घ्या. त्यांच्या शाकाहारी थाळीत पोळी, भात, डाळ, दही, कोशिंबीर आणि कांदा-टमाटर-आलूची भाजी असते. ऑक्टोबर 2024 मध्ये ही थाळी 33 रुपये 30 पैशांवर गेली. एका वर्षात साधारण 20 टक्के वाढ, कारण मुख्यतः कांदा आणि टमाटर. आता आपल्याकडच्या बाया टमाटर महागलं तर काय करतात? टमाटर बंद. चिंच पडते, अंबाडी येते, उन्हाळ्यात घालून ठेवलेल्या मूगवड्या निघतात, वाळवलेल्या वांग्याच्या खुला निघतात, कुरडईची भाजी होते. निर्देशांक वर जातो आणि घर बाजूनं निघून जातं. वाटतं, छानच की. पण मूगवड्या आपोआप डब्यात येत नाहीत. मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात कुणीतरी डाळ वाटली, गच्चीवर किंवा अंगणात वड्या घातल्या, कबुतरं हाकलली, संध्याकाळी गोळा केल्या. ऑक्टोबरच्या महागाईची काही किंमत मे महिन्यातच चुकती झालेली असते. ती रुपयांत नव्हती म्हणून आपण मोजत नाही, इतकंच.

कोणाची मजुरी, कोणता भाव

परवडणं म्हणजे भागाकार. वर किंमत, खाली कमाई. खाली कोणाची कमाई घेतली? औद्योगिक कामगाराची, आणि तीही उद्योगांच्या वार्षिक पाहणीतून. ही पाहणी नोंदणीकृत कारखान्यांची असते.

नागपुरात हे वाचताना डोळ्यासमोर एम्प्रेस मिल येते. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला सुरू केलेली ही मिल म्हणजे या शहरातला औद्योगिक कामगार. महिन्याचा पगार, त्यावर चालणारी उधारीची खाती, ठरलेला किराणा. मिल बंद पडून वीसेक वर्षं झाली, त्या जमिनीवर आता मॉल आणि फ्लॅट आहेत. आज कमी पैशात घर चालवणारा नागपूरकर सकाळी ठिय्यावर उभा असतो, रिक्षा चालवतो, नाहीतर घरची बाई चार ठिकाणी धुणीभांडी करते. ठिय्यावर आठवड्यात किती दिवस काम मिळेल हे ठरलेलं नसतं. काम मिळालं त्या दिवशी थाळी मजुरीच्या 50 टक्के असेल. नाही मिळालं त्या दिवशी हा भागाकारच होत नाही, शून्यानं भागता येत नाही. आणि पोट तर रोज आहे.

दुसरा मुद्दा भावाचा. पाहणीतला भाव हा किलोचा भाव असतो. किलोचा भाव किलो घेऊ शकणाऱ्याला लागू होतो. रोजच्या मजुरीवर जगणारं घर तेल दहा-वीस रुपयांचं घेतं, डाळ पाव किलो घेतं, तिखट-हळद पुडीनं घेतं. चिल्लर घेतलं की किलोमागे महाग पडतं, हे कुठल्याही किराणावाल्याला विचारा. गॅसचंही तसंच. 14.2 किलोचा सिलेंडर एकदम भरावा लागतो, पैसे एकदम लागतात. त्या आठवड्यात हातात पैसे नसले तर चूल पेटते, लाकडं येतात, आणि सिलेंडर कोपऱ्यात रिकामा उभा असतो. एका ताटामागे गॅस किती जळतो हे काढता येईल. सिलेंडर भरायच्या दिवशी घरात काय शिजलं नाही, हे त्यातून निघणार नाही. गरिबाला तीच वस्तू महाग पडते ही गोष्ट जगभरच्या अभ्यासकांनी नोंदवली आहे. थाळीच्या हिशोबात मात्र एक ताट, एक भाव.

पोट रेशननं भरतं, ताट नाही

इथं कुणी म्हणेल की रेशन विसरलीस का. नाही. उलट रेशन मोजलं की चित्र जास्त स्पष्ट होतं.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, अंत्योदय कुटुंबाला 35 किलो. जानेवारी 2023 पासून ते फुकट आहे. पाच माणसांचं प्राधान्य कार्ड म्हणजे 25 किलो. दिवसाला माणशी 167 ग्रॅम.

आता त्याशेजारी राष्ट्रीय पोषण संस्थेचं 2,000 कॅलरींचं आदर्श ताट ठेवा: दिवसाला 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळ (किंवा त्याऐवजी अंडी-मांस), 400 ग्रॅम भाज्या, 300 मिलिलिटर दूध-दही, शिवाय फळं, दाणे, तेल. लहान मुलाला यापेक्षा कमी लागेल, विटा उचलणाऱ्याला जास्त. सरासरी म्हणून पाचजणांचा महिना काढू. धान्य साडेसदतीस किलो. त्यातलं 25 किलो रेशननं दिलं, दोन तृतीयांश काम झालं. ही लहान मदत नाही. लॉकडाउनच्या काळात ज्यांनी रेशनच्या रांगा बघितल्या त्यांना हे सांगायला नको.

डाळ? 85 गुणिले 5 गुणिले 30, म्हणजे पावणेतेरा किलो. भाजी रोज दोन किलो. दूध रोज दीड लिटर. यातलं काही या कायद्याच्या धान्यात येत नाही. महिन्याच्या किराण्याच्या यादीत पावणेतेरा किलो डाळ लिहिणारं कष्टकरी घर तुमच्या ओळखीत असेल तर मला सांगा. मध्यमवर्गीय असलं तरी चालेल.

म्हणून पैसा कमी असलेल्या घरात ताटाचा आकार बदलतो. भात-पोळी-भाकरी वाढते, बाकीचं आकसतं. पोट भरतं. भूक मोडते. थाळीच्या हिशोबात धान्य, डाळ, भाजी एकमेकांच्या ठरलेल्या प्रमाणात असतात आणि तिघं मिळून स्वस्त-महाग होतात. प्रत्यक्षात स्वस्त भाग महाग भागाची जागा घेतो. "पोटभर" आणि "पुरेसं" हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि कमी पैशातला स्वयंपाक या दोन शब्दांच्या मधल्या फटीत चालतो.

लाखोळीची डाळ: एका ताटात न दिसणारी गोष्ट

ताट हे माप का चुकतं याचं सगळ्यात कडक उदाहरण आपल्याच भागातलं आहे.

पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात धान कापायच्या सुमारास शेतातल्या ओलाव्यावर लाखोळी पेरतात. पाणी लागत नाही, खर्च लागत नाही. गरिबाची डाळ. प्रथिनं भरपूर. तिच्यात एक विषारी घटकही असतो, ज्यामुळे पायांचा कायमचा लकवा होऊ शकतो. लॅथिरिझम म्हणतात त्याला. याच कारणानं 1961 मध्ये देशात तिच्या विक्रीवर बंदी आली. त्यावर पुढं खूप वाद झाला. नागपूरचे शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला.

त्या वादात आज मी बाजू घेत नाही. मला फक्त एक गोष्ट दाखवायची आहे. लाखोळीचं एक ताट कुणाला लंगडं करत नाही. भात आहे, भाजी आहे, सोबत लाखोळीचं वरण आहे, काही होत नाही. दुष्काळात दुसरं काही मिळेनासं झालं आणि महिनोन्‌महिने लाखोळी हेच मुख्य अन्न झालं, की पाय जातात. दोष ताटातला नाही, महिन्यांतला आहे, आणि दुसरं काही न मिळण्यातला आहे. एका ताटाची किंमत, एका ताटाची पौष्टिकता कितीही बारकाईनं मोजली तरी हे हाती लागणार नाही.

शेवटी जेवणारी

आता मुख्य आक्षेप. बाकी सगळे आक्षेप एखाद्या हुशार अर्थशास्त्रज्ञाला सांगितले तर तो सूत्र दुरुस्त करून देईल. हा तसा नाही.

पाच माणसं, पाच सारखी ताटं. थालीनॉमिक्सचा पाया हा आहे. घरात गंज एक असतो आणि वाढणारी एक असते. ती शेवटी जेवते. भाजी संपली असेल तर तिखट-मीठ-तेल, सकाळची भाकरी, वरणाचं खालचं पाणी. कमी पैशात पुरवण्याच्या ज्या कारागिरीचं मी वर कौतुक केलं, तिचा शेवटचा डाव हाच असतो. सगळं करून जी तूट उरते ती कुणाच्या तरी ताटात जाते, आणि ते ताट बहुतेक घरांत ठरलेलं असतं. कुणी तिला तसं सांगत नाही. तिलाही तो त्याग वाटत नाही, "मला भूकच नव्हती" असं ती म्हणते आणि तेच खरं मानते. अमर्त्य सेन यांनी घराला एकाच वेळी सहकार्याची आणि संघर्षाची जागा म्हटलं. या संघर्षात आवाज होत नाही, हीच त्याची अडचण.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 49 वयातल्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, त्याच वयातल्या पुरुषांमध्ये 25 टक्क्यांना. हा सगळा फरक शेवटी जेवल्यानं होतो असं मी म्हणणार नाही. पाळी, बाळंतपण, जंत, बरीच कारणं आहेत. पण एकाच छताखाली, एकाच गंजातून जेवणाऱ्यांत एवढा फरक असेल, तर "पाच सारखी ताटं" हे गृहीतक धरायच्या आधी थांबायला हवं होतं. प्रकरणात तसं थांबलेलं मला दिसलं नाही.

हा आक्षेप फक्त सरकारवर नाही. पुलाप्रे बालकृष्णन आणि अमन राज यांनी अलीकडे तीच थाळी माप म्हणून घेतली आणि दारिद्र्यरेषेवरून वाटतं त्यापेक्षा जास्त लोक दोन वेळच्या थाळीला मुकतात असं दाखवलं. त्यांचं काम मला जास्त पटतं. तरी त्यांच्याही हिशोबात घर एक आणि ताटं सारखी. शिवभोजन थाळीही तशीच. 26 जानेवारी 2020 ला दहा रुपयांत सुरू झालेली ही योजना दवाखान्याबाहेर बसलेल्या नातेवाइकाला, बसस्थानकावरच्या हमालाला खरोखर आधार आहे. पण ती ताटावर येऊन जेवणाऱ्याला मिळते. घरी गंजाशी बसलेली तिच्या रांगेत नसते.

मग कसं मोजायचं

नुसती टीका करून थांबणं सोपं आहे, आणि माझे मार्गदर्शक ते चालू देत नाहीत. म्हणून दोन गोष्टी.

पहिली, हे मोजता येतं. आपण ते मोजत होतो. 1972 मध्ये राष्ट्रीय पोषण संनियंत्रण ब्युरो सुरू झाला, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेशी जोडलेला. महाराष्ट्रासह काही राज्यांत त्याचे कार्यकर्ते घरी जायचे, ठरावीक मापाच्या वाट्या सोबत घेऊन, आणि काल चोवीस तासांत घरातल्या प्रत्येकानं काय आणि किती खाल्लं ते विचारायचे. घरानं किती विकत घेतलं हे नाही. कुणी किती खाल्लं हे. 2015 मध्ये हा ब्युरो बंद झाला. पाच वर्षांनी थालीनॉमिक्स आलं. पोषण संस्थेनं आता आहार आणि रक्तातल्या घटकांची नवी पाहणी हाती घेतली आहे, ही चांगली गोष्ट. पण मधल्या वर्षांत, नोटबंदी आणि कोविड याच वर्षांतले, कोणत्या घरात कुणाचं ताट आकसलं याची सलग नोंद आपल्याकडे नाही. ताटाच्या किमतीची मात्र महिन्यागणिक आहे.

दुसरी गोष्ट पुस्तकांची. कमलाबाई ओगले यांचं "रुचिरा" 1970 चं. त्यांनी वाटी-चमच्याचं माप दिलं आणि मराठी मुलींच्या पिढ्या त्यावर शिकल्या. त्या वाटीत मात्र जिन्नस घरात आहे हे धरलेलं असतं. शाहू पाटोळे यांचं "अन्न हे अपूर्णब्रह्म" 2015 चं, मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघराचं. तिथं पदार्थाआधी प्रश्न येतो की जिन्नस आला कुठून, कुणाच्या वाट्याचा होता, काय मिळत नव्हतं म्हणून हे असं शिजलं. तेल-तूप-दुधाचा अभाव हाच तिथं पाककृतीचा पहिला घटक आहे. माझ्या विषयाला पद्धत म्हणून आर्थिक पाहणीपेक्षा हे पुस्तक जास्त उपयोगी पडलं. भाव त्यात नाहीत. पण कमी असताना माणसं काय करतात, ते सविस्तर आहे.

या दोन्ही गोष्टी जोडून माझ्या कामाचा आराखडा केला आहे. एकक ताट नाही, गंज. काळ एक दिवस नाही, पूर्ण महिना, कारण पहिल्या आठवड्याचं वरण आणि चौथ्या आठवड्याचं वरण एक नसतं. आणि नोंद घराची नाही, माणसागणिक, त्यातही शेवटी जेवणारीच्या ताटापासून सुरुवात. तिथं डाळ पोचली असेल तर ती घरात सगळ्यांपर्यंत पोचली आहे. तिथं पोचली नसेल, तर थाळी कितीनं स्वस्त झाली या आकड्याचा त्या घराला उपयोग नाही.

पुढच्या वेळी थाळी स्वस्त झाल्याची किंवा महागल्याची बातमी वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारून बघा. कुणाच्या मजुरीनं भागलं? कोणत्या मापानं विकत घेतलं? आणि शेवटी कोण जेवलं? पहिल्या दोघांची उत्तरं अहवालात शोधता येतील. तिसऱ्याचं उत्तर आज रात्री आपापल्या घरीच मिळेल.